नऊ घरांची हद्द

महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागांचा नवा नकाशा भिंतीवर लागला, तेव्हा मंगळवार पेठेतली निम्मी माणसं तो बघायला गेली आणि निम्म्यांनी मोबाईलवर बघून शिव्या घातल्या. ज्यांना उभं राहायचं होतं ते आपली हक्काची मतं कुठं गेली ते बोटानं शोधत होते. रशीद मास्तरांना कुठंच उभं राहायचं नव्हतं. ह्या माणसानं उभ्या जन्मात तालमीच्या कमिटीची निवडणूकसुद्धा लढवली नव्हती. पण नकाशापुढं सगळ्यात जास्त वेळ थांबले ते हेच. चष्मा कपाळावर चढवलेला, नाक कागदाला टेकायला आलेलं, आणि मागची पोरं म्हणतायत, मास्तर, सरका की, आमालाबी बघू द्या.

नकाशावरची लाल रेघ तालमीपासनं सरळ खाली येत होती. पिंजारी बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथं तिच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, बोळात शिरली. अलीकडची पेठ एका प्रभागात राहिली आणि बोळातली नऊ घरं उचलून शेजारच्या प्रभागात टाकली. मास्तरांचं घर अलीकडं, तालमीच्या अंगाला. पलीकडच्या नऊ घरांतलं सहावं घर फातिमाचं. मास्तरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ते सहावंच निघालं आणि तिन्ही वेळा ते पलीकडंच निघालं.

आता तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं. घर काय उठून गेलं नाही, बोळ आहे तिथंच आहे, चालत गेलं तर चार मिनिटांची वाट. बरोबर आहे तुमचं. पण पेठेत राहून बघा मग कळेल. हितं कुणी नेहमीच्या दुकानातनं चहापूड आणायची सोडली तरी संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांना पत्ता लागतो. अशा ठिकाणी एक रिटायर मास्तर एका विधवा बाईच्या दारात चार मिनिटं उभा राहिला, तर ती चार मिनिटं लोकांना चार वर्षं पुरतात. त्यामुळं फातिमा समोरनं आली की मास्तर मान खाली घालून कडेला व्हायचे, सलाम करायचे, आणि ती पुढं गेली की थोडा वेळ तिथंच चपलेचा अंगठा नीट करत राहायचे. चपलेला काही झालेलं नसायचं.

गोष्ट जुनी आहे. मास्तर डी.एड. होऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागले त्या वर्षी त्यांच्या आईनं फातिमाला मागणी घातली होती. फातिमाच्या बापाला पोरगा पसंत होता. पण महिनाभर आधी त्यानं निपाणीच्या एका घराला शब्द दिलेला, आणि त्या काळी दिलेला शब्द परत घ्यायची माणसांना लाज वाटायची. फातिमा निपाणीला गेली. निपाणी काय लांब नाही, कागल ओलांडलं की आलीच, पण राज्य बदलतं. तिचं नाव तिथल्या मतदार यादीत कानडीत छापलं जायला लागलं. मास्तर एकदा कामाला म्हणून निपाणीला गेले होते तेव्हा एका शाळेच्या भिंतीवर ती यादी डकवलेली होती. अर्धा तास उभं राहून त्यांनी त्यातलं तिचं नाव कुठलं असेल ते शोधलं. अक्षर ओळखता येत नाही म्हटल्यावर शोधणार काय, कपाळ? तरी शोधलं.

दहा वर्षांनी ती परत आली. नवरा हायवेवर गेला, पदरात चार वर्षांचा कामिल. बापाच्या घरात राहिली आणि शिलाई मशीन घेऊन बसली. तोवर मास्तरांचं लग्न होऊन वसीम पहिलीत गेला होता. मास्तरांची बायको रोशनबी फार चांगली बाई होती, आणि तिच्याबद्दल एक वाकडा शब्द ह्या गोष्टीत येणार नाही. मास्तरांनीही तिच्याशी कधी वाकडेपणा केला नाही. मनाचं काय, ते कुणाला विचारून थोडंच जातं.

तर मग राहिलं काय? राहिली रांग.

पंचाण्णव सालची महापालिकेची निवडणूक. दोघं एकाच वॉर्डात, मतदान एकाच शाळेत. पुरुषांची रांग भिंतीकडनं, बायकांची रांग तिला लागून, मधी फक्त एक सुंभाची दोरी. मास्तर सकाळपासनं समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसले होते. साडेदहाला, घरचा स्वैपाक उरकून, फातिमा आली. ती रांगेत लागली तसे मास्तरही लागले. आणि काय सांगू, अकरा वर्षांनी ती दोन माणसं दोन हातांवर उभी राहिली, भर दिवसा, सगळ्या पेठेच्या देखत, पोलीस बंदोबस्तात. कुणाची बोलायची टाप आहे? सरकारनंच उभं केलं होतं.

बायकांची रांग लवकर सरकायची. मग मास्तर मागच्याला म्हणायचे, तुमी व्हा पुढं, मला काय गडबड न्हाय. नाहीतर बायकांची अडली आणि पुरुषांची पळाली की वाकून चप्पल नीट करायचे. असं करत करत एक तास ते तिच्या शेजारी टिकून राहिले. तेव्हापासनं पेठेत मास्तरांचं नाव झालं, की म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पुढं सोडणारा असा सज्जन मतदार दुसरा नाही.

बोलणं ते काय असणार. कामिल कुठल्या शाळेत घातला. मशीन कुठलं घेतलं. पुढच्या पाच वर्षांनी वसीमची सातवी, तिच्या आईचं दुखणं. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं विचारलं, पावसाळ्यात तुमचं डोस्कं अजून दुखतंय व्हय? हे तिला वीस वर्षांनंतर आठवत होतं. मास्तर घरी गेले ते त्या दिवशी जेवलेच नाहीत, म्हणाले पोट भरलंय.

विधानसभेला, लोकसभेला हे सुख नव्हतं. त्या यादीचे भाग वेगळे पडलेले, तिचं मतदान दुसऱ्याच शाळेत. महापालिकेचीच तेवढी एक. पाच वर्षांनी एकदा, तास-सव्वा तास. दोन हजार दहाला मात्र फातिमा नीट बोलली नाही. सगळा वेळ समोर बघत उभी राहिली, आणि आत जायच्या आधी एवढंच म्हणाली, गणपती गुरुजी लई चांगला माणूस हाय, पर चहा घेत न्हाय. गणपती गुरुजी मास्तरांच्याच शाळेतले, पण मधीच त्यांचं काय, ह्याचा मास्तरांना अर्थ लागला नाही. ते धरून चालले की तब्येत बरी नसेल. दोन हजार पंधराला ती परत पहिल्यासारखी बोलली. नवीन चष्मा लागला होता. म्हणाली, आता सगळं सपष्ट दिसतंय.

आणि त्यानंतर निवडणूकच झाली नाही. मुदत संपली, रोगाची साथ आली, कोर्टात तारखा पडल्या, प्रशासक बसला तो उठेना. दहा वर्षं गेली. पेठेतले तिकिटाचे उमेदवार वाट बघून म्हातारे झाले, फ्लेक्सवरचे त्यांचे फोटो मात्र तरणेच राहिले. ह्या दहा वर्षांत रोशनबी गेली. कामिल पुण्याला नोकरीला लागून तिकडंच राहिला आणि फातिमा बोळात एकटी उरली. वसीम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, शिफ्टला. सून, नात शिफा, सगळं भरलेलं घर, आणि मास्तर त्या भरल्या घरात खिडकीशी बसून निवडणुकीची वाट बघायचे. नगरसेवक व्हायला निघालेल्या माणसानंसुद्धा एवढी बघितली नसेल.

कारण ह्या खेपेला त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. सहा वर्षं त्यांनी ते घासून पुसून ठेवलं होतं. वाक्य साधं होतं. फातिमाबी, एकदा घरी चहाला येऊ का? रस्त्यात हे विचारता येत नाही. फोनवर तर नाहीच, नंबर कुणाकडनं मागणार? ते रांगेतच विचारायचं, दोरीच्या अलीकडनं, ती पुढच्या बाईच्या पाठीकडं बघत असताना. आणि आता ती लाल रेघ म्हणत होती, की तुमची रांग ह्या शाळेत आणि तिची त्या शाळेत.

मास्तरांनी हरकत घ्यायची ठरवली.

गणपती कांबळे हा त्यांचा तीस वर्षांचा जोडीदार, एकाच शाळेत खडू झिजवलेला. त्याच्याकडं मास्तर कागद घेऊन गेले. सात पानं. पेठेची नैसर्गिक हद्द, तालमीचा इतिहास, ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय, रस्ता ओलांडण्याचा धोका, सगळं होतं. गणपतीनं सगळी पानं शांतपणे वाचली, कारण त्याला कशाचीच गडबड नसते. मग म्हणाला, अरे तिकडं दिल्लीत राज्याराज्यांची जुंपलीया. खासदारांच्या जागा लोकसंख्येवर वाटल्या तर दक्षिणेच्या कमी हुतील आणि उत्तरेच्या वाढतील म्हणून मुख्यमंत्री पत्रं लिहित्यात. आणि तू नऊ घरांसाठी सात पानं लिवलीस? मास्तर म्हणाले, ज्याचं त्याला मोठं असतंय. गणपतीनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, नऊ न्हाय, एका घरासाठी लिवलीस. मास्तरांनी कागद ओढून घेतले. गणपती पुन्हा त्या विषयावर बोलला नाही, पण खाली साक्षीदार म्हणून सही त्यानं केली.

सह्या गोळा करायच्या होत्या. मास्तरांनी अलीकडच्या घरांच्या सह्या स्वतः फिरून केल्या. पलीकडच्या नऊ घरांकडं त्यांनी गणपतीला धाडलं. तिथं आठ सह्या झाल्या. सहाव्या घराची नव्हती. गणपती म्हणाला, फातिमाबी म्हणल्या, माझं मी बघते. मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. आपल्याला एवढी वर्षं जे वाटत होतं ते फक्त आपल्यालाच वाटत होतं की काय, हा विचार घेऊन ते चार दिवस घरात फिरले. सुनेनं दोनदा विचारलं, बाबा, काय हरवलंय का?

सुनावणीच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये ही गर्दी. हरकतदारांचे नंबर पुकारत होते. ज्याची त्याची तक्रार एकच, आमची माणसं फोडली. मास्तरांचा नंबर एकशे बारा. ते गणपतीला घेऊन मागच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात सात पानं आणि त्यांच्या सात झेरॉक्स. एकशे बारा, एकशे तेरा, दोघं या, एकाच ठिकाणची हरकत आहे, असा पुकारा झाला. मास्तर उठले आणि पुढच्या बाजूनं, बायकांच्या खुर्च्यांतनं, डोक्यावरचा पदर सावरत फातिमा उठली.

दोघं टेबलापुढं शेजारी शेजारी उभे राहिले. दोरी नव्हती, एवढाच फरक.

साहेब तरुण आणि सभ्य होते. मास्तरांची सात पानं त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. फातिमाचा कागद एकच, त्यावर दोन ओळी. साहेबांनी त्या वाचल्या आणि वर बघितलं. म्हणाले, बाई, तुम्ही लिहिलंय की मला जुन्याच शाळेत मत टाकायचं आहे. कारण लिहिलेलं नाही.

"सवय हाय," फातिमा म्हणाली.

"पण नवी शाळा तुम्हाला जवळ पडते. रस्तासुद्धा ओलांडायचा नाही."

"जवळ पडती, व्हय. पर मला तिथंच उभं ऱ्हायाचंय."

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. मास्तर मात्र खाली बघत होते, कारण वर बघितलं असतं तर हॉलमधल्या दोनशे माणसांना कळलं असतं. काळजाचं जे पाणी झालं होतं ते आता डोळ्यांत यायला लागलं. पंचाण्णवपासनंचे सगळे साडेदहा त्यांना आठवले. तेवढ्यापुरतं त्यांना वाटलं, की आता कुठलीही शाळा द्या, कुठलाही प्रभाग द्या, आपलं काम झालं.

साहेब समजावून सांगायला लागले. प्रभाग मनाला येईल तसा पाडत नाहीत. गेल्या जनगणनेत सव्वाशे-दीडशे घरांचा एकेक गट केला होता, एका प्रगणकानं मोजायचा तेवढा. ते गट अख्खेच्या अख्खे उचलायचे आणि एकाला एक जोडून प्रभाग करायचा. मागच्या वेळी तुमचे दोन्ही गट एका वॉर्डात बसले, ह्या वेळी लोकसंख्येचं गणित जमवताना मधनं वेगळे झाले. गट फोडता येत नाही. तुमची नऊ घरं पलीकडच्या गटात आहेत, त्याला आम्ही काय करणार?

मास्तरांना तेवढ्यात धीर आला होता, आणि धीर आला की मास्तरांचा मास्तर जागा व्हायचा. ते म्हणाले, गट पाडणाराला काय अक्कल हुती का न्हाय? बोळात तर अलीकडनं जाता येतं. ही नऊ घरं तोडून पलीकडं घालणारा कुठला दिवटा हुता, त्याचं नाव तरी कळू द्या.

साहेबांनी शेजारच्या माणसाला खूण केली. त्यानं फायलीतनं एक पिवळा पडलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. प्रगणकानं हातानं काढलेला नजरी नकाशा. उत्तरेचा बाण. घरांचे बारीक चौकोन, प्रत्येकात आकडा. तालमीवर छोटं निशाण काढलेलं, कारण काढणाऱ्याला चित्रकलेची हौस होती. पिंजारी बोळाच्या तोंडाशी एक रेघ, पट्टी लावून, शाई दोनदा फिरवून ठळक केलेली. रेघेच्या पलीकडं कोरा कागद. आणि खाली कोपऱ्यात, शाळेच्या फळ्यावर तीस वर्षं पेठेनं बघितलेल्या वळणदार अक्षरात, प्रगणक: रशीद मुजावर.

फातिमानं पर्समधनं चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि वाकून ते नाव वाचलं. मग सरळ झाली. साहेब म्हणाले, दोन्ही हरकती नोंदवून घेतल्यात, पण बदल होणं अवघड आहे. पुढचे या.

दोन हजार दहाचा उन्हाळा मास्तरांना विसरायला झाला नव्हता, फक्त त्याचं असं काही होईल हे कधी सुचलं नव्हतं. त्या मे महिन्यात घरगणतीची ड्युटी लागली होती. तालमीपासनं ते भिंतींवर गेरूनं आकडे घालत निघाले, आणि पिंजारी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबले. शेजारचा गट गणपतीचा. हद्दीवरची घरं कुणी घ्यायची ते आपसात ठरवा, असं वरनं सांगितलं होतं. बोळ खरा मास्तरांच्याच वाट्याचा. पण त्यांनी गणपतीला गाठलं आणि म्हणाले, ही नऊ घरं तू घे गड्या, माझी लई हुयाला लागल्यात. एक घर टाळायचं म्हणून नऊ टाळली, एकच टाळलं असतं तर कुणीही विचारलं असतं. आणि रेघ मारली. गणपती भला माणूस, त्यानं घेतली.

हॉलच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. गणपती स्कूटर काढायला गेला. तो मुद्दाम सावकाश गेला हे मास्तरांनाही कळलं. फातिमा बाकावर बसली, मास्तर खांबाला धरून उभे राहिले. माणसं येत जात होती.

"तुमी बोळाच्या तोंडापतोर आलता," फातिमा म्हणाली. "मी दारातनं बघितलं. म्हटलं, उद्या येतील. सरकारी काम हाय, कोण काय म्हणणार? सकाळी उठून फरशी धुतली. कामिलला काय तरी काम काढून मामूकडं लावून दिला. दोन कप काढून ठेवले, कशिद्याचा रुमाल घालून. आणि आले गणपती गुरुजी. ते चहा घेत न्हाईत."

पंधरा वर्षांपूर्वी रांगेत कानावर पडलेलं ते वाक्य मास्तरांपर्यंत आत्ता पोचलं होतं.

"मला वाटलं, तुमच्या वाट्याला आमचा बोळ आला न्हाई. नशीब म्हटलं. आज बघते तर रेघ तुमी मारलेली. कशापाय, मास्तर?"

मास्तर खांबाकडं बघत बोलले. "त्या फॉर्मात एक रकाना हुता. घरात जोडपी किती, असा. तुमच्या घराफुडं मला शून्य घालाय लागलं असतं. तुमच्या तोंडाकडं बघून विचारायचं, आणि शून्य घालायचं. माझ्यानं झालं नसतं, फातिमाबी."

तिनं चष्म्याची काडी मिटली, परत उघडली.

"शून्य तर गणपती गुरुजींनी घातलंच की," ती म्हणाली. "विचारलंबी न्हाई, खाली मान घालून घातलं आणि गेले. तुमी घातलं असतं, तर ते कसलं शून्य हाय ते ठावं असलेल्या माणसानं घातलं असतं. मला तेवढंबी पुरलं असतं."

रिक्षा आली. ती उठली, पदर सावरला, दोन पायऱ्या उतरली. सहा वर्षं घासलेलं वाक्य मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण आत्ताच ते सगळं ऐकल्यावर कुठल्या तोंडानं चहा मागणार? ते सलाम करून कडेला झाले. रिक्षात बसताना फातिमा रिक्षावाल्याला म्हणाल्यासारखं म्हणाली, औंदा रांग न्हाई म्हणजे आता काहीच न्हाई, व्हय? आणि रिक्षा गेली. गणपती स्कूटर घेऊन आला तेव्हा मास्तर चपलेचा अंगठा नीट करत होते.

अंतिम नकाशा आला. लाल रेघ होती तिथंच होती.

मतदानाच्या दिवशी मास्तर सातलाच टपरीवर जाऊन बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. साडेदहा वाजले आणि मान आपोआप बोळाच्या दिशेनं वळली. मग ते उठले आणि रांगेत लागले. शेजारी बायकांची रांग, सुंभाची दोरी, सगळं तसंच. शेजारी कुणाची तरी तरणी सून उभी होती, कानात वायर घालून. मास्तरांनी कुणाला पुढं सोडलं नाही, चप्पल नीट केली नाही. वीस मिनिटांत आत गेले. ह्या खेपेला एका प्रभागातनं चार नगरसेवक, म्हणून एका माणसानं चार बटणं दाबायची होती, ती चार दाबली, बोटाला शाई लावून घेतली आणि बाहेर आले.

घर उजव्या हाताला होतं. मास्तर डावीकडं वळले.

पिंजारी बोळाच्या तोंडाशी त्यांचे पाय थोडे थांबले. पंधरा वर्षांपूर्वी गेरूचा डबा घेऊन ते हितंच थांबले होते. भिंतीवरचा आकडा कधीच पुसला गेला होता, त्यावर कुणाचं तरी पोस्टर होतं. मास्तर पुढं झाले. एक घर, दोन, तीन. दारांत बायका बसल्या होत्या, मतदान करून आलेल्या, शाई लागलेलं बोट एकमेकींना दाखवत. त्यांचं बोलणं बंद पडत गेलं. चार. पाच.

सहाव्या घराला कुलूप होतं. फातिमा आपल्या शाळेत, आपल्या रांगेत गेली असणार. दर खेपेला ह्या वेळी ती मास्तरांच्या शेजारी उभी असायची, पण आज ती तिथं होती आणि मास्तर हितं होते. परत फिरायला काहीच हरकत नव्हती. कुणी विचारलं असतं तर वाट चुकलो म्हणता आलं असतं, पण जन्मभर त्याच पेठेत राहिलेल्या माणसाची वाट चुकते कशी, हेही कुणी विचारलं असतं.

मास्तर तिच्या दाराच्या पायरीवर बसले. रुमालानं घाम पुसला. किती वेळ लागेल कुणास ठाऊक, तास, सव्वा तास. फरशी धुऊन, कप काढून तिनं कशी वाट बघितली असेल, ते आता पायरीवर बसल्यावर त्यांना जरा जरा कळायला लागलं.

समोरच्या दारात बायडाबाई बसली होती. बोळातली सगळ्यात जुनी बाई आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. तिनं हात कपाळाशी नेऊन नीट बघितलं, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "मास्तर, हितं कुणाकडं वो?"

चौघी-पाचजणींनी माना वळवल्या. मास्तरांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला.

"फातिमाकडं," ते म्हणाले. "चहाला आलोय."